उंबऱ्यापुढचं नाव

बडोदे, १८ नोव्हेंबर १९८२

दादास मोशेचा शालोम.

परवा, दिवाळीच्या पाडव्याला, सकाळभर मी आपल्या रूबेनच्या दारातल्या पायरीवर बसून राहिलो आणि जो येईल त्याला अडवत होतो. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

तुमचं पत्र येऊन तीन वर्षं होतील. मी रूबेनच्या घरी जेवतो हे कळल्यापासून तुम्ही मला लिहिणं सोडलंत. मार्चमध्ये आपला हा भाऊ गेल्याची तार केली, तिलाही उत्तर आलं नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण धर्मातला प्रश्न पडला की मला आजही दुसरं कोणी आठवत नाही. मला हिब्रूची मुळाक्षरं, आलेफ-बेथ, शिकवलीत तुम्ही. त्यामुळे विचारायचं तेही तुम्हालाच.

पाडव्याला इथे नवं वर्ष सुरू होतं. उजाडायच्या आत मीठ विकणाऱ्या बाया ‘सबरस, सबरस’ करत फिरतात, ते शकुनाचं मीठ घ्यायचं, मग दिवसभर लोक एकमेकांकडे साल मुबारक करायला जातात. रूबेनच्या बायकोच्या, शालिनीच्या, घरात यंदा सुतक, सण नाही. गल्लीतली सगळी पोरं नवे कपडे घालून हिंडणार आणि तिची दोन्ही मुलं खिडकीत बसणार, म्हणून मी लवकर सायकल काढली आणि नानखटाईचा पुडा घेऊन मांजलपूरला गेलो. 

सायकल लावतो तो पायरीपुढच्या फरशीवर थोरली दीना उकिडवी बसलेली. आठ वर्षांची आहे ती. हातात तांदळाच्या पिठाची वाटी. आणि फरशीवर चार अक्षरं, प्रत्येक वीतभर उंच, उजवीकडून डावीकडे, पुस्तकात असतात तशी. जी आपण वाचतो पण तशी उच्चारत नाही, ती चार.

“काका, बघा. सगळ्यांच्या दारात रांगोळी आहे. आई म्हणाली, आपल्याकडे यंदा नाही. मग मी रांगोळी काढलीच नाही. देवाचं नाव लिहिलं. ते चालतं ना?”

दादा, मी त्या मुलांना थोडी अक्षरं दाखवतो, वेळ जावा म्हणून. ही चार अक्षरं दिसली की ‘अदोनाय’ म्हणायचं, एवढं तिला सांगितलं होतं. पण हे नाव एकदा लिहिलं की पुसायचं नसतं, म्हणून ते पाटीवर लिहायचंच नसतं, हे सांगायचं राहून गेलं. लहानपणी नागावला तुम्ही मला शिकवत होता तेव्हा हे नाव पाटीवर कधी येऊच दिलं नाहीत. त्यामुळे अशी मनाई आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि ती शिकवावी लागते हे तर सुचलंच नाही.

तेवढ्यात शालिनी ओला कपडा घेऊन बाहेर आली. “अगं बाई! सुतकाच्या घरात रांगोळी? लोक काय म्हणतील? भावोजी, सरका, पुसून टाकते.”

मी हात आडवा घातला. “पुसायचं नाही, शालिनी.”

“का?”

“मलाही नीट सांगता येणार नाही. पण पुसायचं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं. रूबेनच्या पुस्तकात तिने ती पाहिली असणार. कपडा पाठीमागे घेऊन ती आत गेली.

मग लोक यायला लागले. शेजारचे मानसिंगराव, जुन्या सरकारी नोकरांचं घराणं, ते दुरूनच ओरडले, “साल मुबारक, मोशेभाऊ! दारात धरणं धरलंय की काय?” मी म्हटलं, कृपा करून मागच्या दाराने या. त्यांच्या मंदाकिनीबाई वाकून बघत म्हणाल्या, “वळण काय सुरेख आहे हो पोरीचं! आमच्या शैलाला अजून ‘ज्ञ’ येत नाही धड. पण तुम्हा बेने इस्राएल लोकांत हे असं पिठाने लिहितात?” मी म्हटलं, लिहीत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. बाईंना एवढंच समजलं की यावर पाय पडता कामा नये. त्यांनी घरून पितळेची मोठी परात आणली आणि त्यावर उपडी घातली. भोवती मी विटा लावल्या.

आता घरची माणसं मागच्या दाराने जा-ये करतात, तेही मानसिंगरावांच्या अंगणातून. दूधवाल्याने विचारलं, खजाना छे के शुं? दीना घाबरून विचारते आहे की आपण पाप केलं का. तिला मी सांगितलं, नाही. पण पुढे काय करायचं ते सांगता आलं नाही. दादा, त्या पिठाचं काय करू?

आणखी एक. फेब्रुवारीत आपल्या तिथीने रूबेनचं वर्ष भरेल. अहमदाबादला त्याच्या कबरीवर अजून दगड नाही. त्यावर काय लिहायचं तेही कळवा.

मिलकाचा तिच्या जाऊबाईंना शालोम.

तुमचा,
मोशे


बडोदे, २० डिसेंबर १९८२

दादास शालोम.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर पाकिटावर बघून मिलकाने ते आधी डोळ्यांना लावलं. मग मी वाचून दाखवलं आणि ती उठून गेली.

तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा इथे उतरवतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला दिसेल. ‘परक्या बाईच्या पोरीने सांडलेलं पीठ आहे ते. त्यात देवाचं नाव कुठून आलं? केरसुणी घे आणि झाड. शिकवणं आजपासून बंद कर. दगडावर रूबेन बेन शेलोमो आणि तिथी, एवढंच. ते लग्न आपल्यात झालेलंच नाही.’

झाडायला काही उरलेलं नव्हतं. पीठ तांदळाचं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी परातीखालून मुंग्यांची रांग लागली. मुलांनी परात थोडी उचलून बघितली तर पहिलं अक्षर अर्धं गेलेलं. पुढे रोज शाळेतून आल्यावर दोघं पोटावर पडून बघत बसायची. पाच वर्षांच्या एलीने विचारलं, “काका, मुंग्यांना पाप लागतं?” मी म्हटलं, त्यांना वाचता येत नाही, त्यांना लागत नाही. तर दीना म्हणाली, “मग मला वाचता येतं म्हणून मला लागलं का?” याचं उत्तर तुम्हाला सुचलं असतं.

पण दादा, पीठ उरलं असतं तरी मी झाडलं नसतं. आजवर तुमच्या शब्दाबाहेर मी गेलो तो फक्त रूबेनच्या घरी जेवायला, आणि ते सांगून गेलो. ती केरसुणी मी उचलली असती तर त्या पोरीला मी काय सांगितलं असतं? की सगळं बरोबर लिहिलंस, एक रेघ चुकली नाही, पण तू लिहिलंस म्हणून ते काही नव्हे. हे आठ वर्षांच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि ‘थोडी अक्षरं दाखवतो’ असं मी लिहिलं होतं, ते पुरतं खरं नाही. शनिवार सोडून रोज संध्याकाळी, रेल्वे यार्डातली ड्यूटी संपली की मी मांजलपूरला जातो. जून महिन्यापासून.

सुरुवात मी केली नाही. शालिनी आली होती आमच्या क्वार्टरवर. दारात उभी राहूनच म्हणाली, “भावोजी, मला तुमच्याकडून दुसरं काही नको. मुलांना बापाचं पुस्तक वाचता आलं पाहिजे. आणि एलीने त्यांच्यासाठी ती मुलाने बापामागे म्हणायची प्रार्थना, कद्दीश का काय म्हणतात, ती म्हटली पाहिजे. मला येत असतं तर मीच शिकवलं असतं.” ती शाळेत शिकवते, तुम्हाला माहीत नसेल. न येणारी गोष्ट मागणं तिला जड जातं.

तुम्ही मला शिकवलंत तसंच शिकवतो. आधी अक्षर, मग अक्षराचा शब्द, मग तो शब्द घरात शोधायचा. नेर म्हटलं की दिव्याला हात लावायचा. मायिम म्हटलं की माठाला. बायिथ, म्हणजे घर, म्हटलं की एली भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दीना पुढे पळते. एलीचं लक्ष पाटीपेक्षा खिशातल्या गोट्यांकडे.

एक शब्द मी टाळत होतो. आलेफ आणि बेथ, पहिली दोनच अक्षरं शेजारी ठेवली की होणारा शब्द. तुम्ही मला पहिल्याच दिवशी तो वाचायला लावला होता आणि बाबांकडे बोट दाखवायला सांगितलं होतं. मी इथे गिमेल-दालेथकडे घाईने गेलो, मधलीच अक्षरं आधी घेतली. मग एक दिवस दीनाने पाटीवर आपणहून ती दोन अक्षरं जोडली. “आब. आब म्हणजे काय, काका?”

मी सांगितलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. हात लावायला घरात काही नव्हतं. मग ती उठली, खुंटीवर रूबेनचं रिफायनरीचं जाकीट अजून आहे, त्याला हात लावून येऊन बसली. एलीनेही तसंच केलं. शालिनी चुलीपाशी पाठ करून उभी होती.

शिकवणं बंद कर असं लिहिलंत. ती संध्याकाळ तुम्ही पाहिली असतीत तर लिहिलं नसतंत, असं मला वाटतं. दगडाचं मी अजून काही ठरवलेलं नाही.

तुमचा,
मोशे


बडोदे, १६ जानेवारी १९८३

दादास शालोम.

काल रात्री शब्बाथ संपल्यावर अब्राहम मास्तर आले होते. तुम्ही बडोदे सोडून गेल्यापासून इथे प्रार्थना तेच चालवतात. चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

“मोशे, तुझ्या दादाचं, योसेफचं, पत्र आलंय मला. वर्षाची प्रार्थना आपण म्हणू. रूबेन आपला होता, तो काही धर्म सोडून गेला नाही. कद्दीश तू म्हण, तू भाऊ आहेस. पण पोरगा उभा राहणार असेल तर माणसं उठून जातील.”

“पाच वर्षांचा आहे, मास्तर.”

“म्हणून तर आत्ताच. तेराव्या वर्षी मुलाला पुरुषांत धरतात, मग कोण थांबवणार त्याला? अरे, मला काय वाईट वाटत नाही? पण आई आपली नाही ना त्याची.”

मास्तर दुष्ट नाहीत. जाताना त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या मेजुजाच्या पवित्र डबीला हात लावून तो ओठांना लावला. ते मला म्हणाले, “योसेफने परवानगी दिली तर मी पुढे होऊन पोराचा हात धरून उभा राहीन.”

म्हणजे गोष्ट तुमच्यावर आली आहे, दादा.

आज हे शालिनीला सांगायला गेलो. वाटाणे सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही सगळे मिळून दहाच पुरुष जमता ना? तुम्ही गेला नाहीत तर नऊ. नऊजणांत तुमची प्रार्थना होत नाही, हे यांनीच मला सांगितलं होतं. मग राहा की घरी. बसू देत एकमेकांची तोंडं बघत.”

“ती प्रार्थना त्या माणसांची नाही, शालिनी. मी अडवून कशी धरू?”

“बरं. प्रार्थना देवाची. अक्षरं तुमची. मग माझ्या मुलांचा बाप तरी कुणाचा, ते सांगा.”

शेंगांची टरफलं तिने इतक्या जोरात सुपात टाकली की अर्धी खाली पडली. मग दोघांनी मिळून ती वेचली. वेचता वेचता ती हळू आवाजात म्हणाली, “राहू दे. तुम्ही शनिवारी जात जा. यांनासुद्धा ते आवडलं नसतं.”

मी जाणार आहे. पण काल प्रार्थनेत उभा होतो तेव्हा एक गोष्ट मनात आली आणि ती जात नाही. इतकी वर्षं मी दहावा म्हणून मोजला जातो. माझ्या जागी एखादा निरक्षर पुरुष असता, ज्याला यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी तोही मोजला गेला असता. आणि मांजलपूरला एक पोर आहे जी अडखळत का होईना पान वाचते. तिला कुठेच मोजत नाहीत. नियम नियम आहे, मी तो मोडायला सांगत नाही. मला फक्त हे तुम्हाला कळवावंसं वाटलं.

मिलका म्हणते, दादांना दुखवू नका, एकच थोरला आहे. तिचंही खरं आहे. बाबा गेले तेव्हा तुम्ही शाळा सोडलीत, घाण्यावर उभे राहिलात आणि आम्हा दोघांना शिकवलंत. रूबेनला तर खांद्यावर घेऊन तुम्ही समुद्रावर न्यायचा. हे विसरून मी काही करणार नाही.

मास्तरांना एक ओळ लिहा, दादा. एवढंच मागतो. आणि दगडावर मुलांची नावं असू द्या.

तुमचा,
मोशे


बडोदे, २४ फेब्रुवारी १९८३

दादास शालोम.

तुमचं कार्ड आलं. ‘सांगितलं ते सांगितलं.’ तीन शब्द. मी ते मिलकाला वाचून दाखवलं नाही, ती विचारते आहे.

मंगळवारी वर्ष झालं. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

बडोद्यात मी प्रार्थना ठेवली नाही. मास्तरांना सांगितलं की माणसांना पेचात टाकायचं नाही, मी अहमदाबादला जाऊन कबरीवर वाचून येतो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “नुसतं वाचायला दहा माणसं लागत नाहीत, हे खरं.” मला वाटतं, त्यांना ते आधीच माहीत होतं, पण स्वतःच्या तोंडून सांगता येत नव्हतं. 

त्याआधी, महिन्याच्या सुरुवातीला, एक दिवस रजा काढून मी दीनाला घेऊन अहमदाबादला गेलो होतो, दगडाच्या कामासाठी. तिथे जीवणभाई म्हणून कारागीर आहेत. पूर्वी आपल्या लोकांच्या दगडांवर हिब्रू तुम्ही लिहून द्यायचात, हे त्यांच्या ध्यानात आहे. “योसेफभाई गया, पछी तो जूना पथ्थर जोईने उतारुं छुं,” म्हणाले. जुने दगड बघून उतरवतात, कुठे काना जातो, कुठे टोक. “लखी आपो, हुं कोतरी आपीश.” तुम्ही लिहून द्या, मी कोरून देतो.

मी कागद घेऊन गेलो होतो. कागदावर तुम्ही सांगितलंत तेवढंच होतं. रूबेन, शेलोमोचा मुलगा, आणि तिथी. गाडीत बसेपर्यंत माझं तेच ठरलं होतं, हे तुम्हाला कळलेलं बरं. 

दगडावर खडूने आखायचं काम मी दीनाला दिलं. तिचं वळण माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिने आधी विचारलं, “काका, हे नाव लिहिलेलं चालतं ना? की परात आणू?” मी म्हटलं, हे माणसाचं नाव आहे, बाबांचं, हे लिहायचंच असतं. तिने पहिली ओळ आखली. एक तास लागला. जीवणभाई विडी विझवून बघत बसले. मग खाली तिथी आखली. मग ती दगडाच्या उरलेल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

“आजोबांचं नाव आलं. मग आमचं?”

मी हातातला कागद पुन्हा उघडून पाहिला.

“आईचं नाव या अक्षरांत येतं का हो?”

“येतं,” मी म्हटलं. शिन, लामेद, योद, नून, योद. ती मी तिला बोटाने हवेत काढून दाखवली.

जीवणभाईंनी विचारलं, “हजी लखवानुं छे?”

मी म्हटलं, हो, अजून लिहायचं आहे.

मंगळवारी आम्ही सगळे सकाळच्या गाडीने गेलो. शालिनी, दोघं मुलं, मिलका आणि मी. मिलका आदल्या दिवसापर्यंत येत नव्हती. सकाळी उठून बघतो तर डबा भरून, डोक्यावर पदर घेऊन तयार. मानसिंगराव आणि मंदाकिनीबाई स्टेशनपर्यंत आले. 

कबरीपाशी कद्दीश झालं नाही, दहा नव्हतो. आपलं ते लांब स्तोत्र मी उघडलं, ज्यात प्रत्येक अक्षराच्या आठ-आठ ओळी आहेत. रूबेनच्या नावाची अक्षरं एलीने ओळीने सांगायची आणि दीनाने त्या अक्षराच्या ओळी वाचायच्या, असं ठरलं होतं. रेश, आलेफ, वाव, बेथ, नून. एली एकदाही चुकला नाही. दीना अडखळली तिथे मी सांगितलं नाही, ती आपणच सावरली. बराच वेळ लागला. उन्हात शालिनी पुस्तकावर पदर धरून उभी होती, अक्षरांवर सावली यावी म्हणून.

दगड उभा करायच्या वेळी कबरस्तान सांभाळणारे गृहस्थ आले. वयस्कर आहेत, तुम्हाला ओळखतात. त्यांनी दगड वाचला, पुन्हा वाचला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे योसेफला माहीत आहे?”

मी म्हटलं, “त्यांनी नाही म्हणून कळवलं आहे.”

“मग? तुमच्या घरातला वडील कोण?”

दादा, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी न अडखळता तुमचं नाव सांगितलं असतं. मुलं पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होती.

“इथे मी,” मी म्हटलं.

त्यांनी जीवणभाईंच्या माणसांना दगड उभा करा म्हणून हात केला.

दगडावर असं आहे: रूबेन, शेलोमोचा मुलगा. शालिनीचा नवरा. दीना आणि एलीचा बाप. योसेफ आणि मोशेचा भाऊ. वर हिब्रूत, खाली मराठीत. तुमचं नाव मी घातलं. ते काढा म्हणालात तरी आता निघणार नाही, खोल कोरलं आहे.

तुमचा धाकटा,
मोशे